करंट की पेट्रोल? गरम होऊन बंद पडणाऱ्या जुन्या जिप्सीचा तपास

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की ती ढकलून कडेला लावेपर्यंत भोवती चार जण जमतात आणि त्यांतला प्रत्येक जण एका वेगळ्या भागाचे नाव घेतो. एकाच्या मते कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेजची वीज तयार करणारा भाग, गेलेली असते, दुसऱ्याच्या मते पेट्रोलला हवा धरलेली असते, तिसरा कार्बोरेटरमध्ये कचरा असल्याची खात्री देतो. माझ्या मारुती जिप्सीच्या बाबतीत हे सगळे उपाय मी गाडी घेण्यापूर्वीच करून झालेले होते. आधीच्या मालकांनी बिलांची फाइल जपून ठेवली होती आणि तिच्यात नवी कॉइल, नवे प्लग, नव्या प्लग वायर, नवा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप), कार्बोरेटरची संपूर्ण सफाई आणि नवा इग्नायटर (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) अशा नोंदी ओळीने सापडल्या. एवढे होऊनही गाडी गरम झाली की बंद पडतच होती, आणि याच कारणाने ती मला बऱ्यापैकी स्वस्तात मिळाली. ती फाइल वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली: यांपैकी एकही भाग गाडी बंद पडलेल्या अवस्थेत तपासून बदललेला दिसत नव्हता.

गाडी १९९७ सालची आहे. भारतात जिप्सी १९८५च्या अखेरीस आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचे इंजिन होते, १९९६मध्ये १.३ लिटरचे मोठे इंजिन आले आणि २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आली. माझी मधल्या काळातली आहे, म्हणजे १.३ लिटर, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (कॉइलची वीज पाळीपाळीने एकेका प्लगला पोहोचवणारा भाग). पंधरा वर्षे उलटल्यावर आरटीओतून नोंदणीचे नूतनीकरण करून घेऊन आणि पर्यावरण कर भरून मुंबईत अशी गाडी कायदेशीरपणे चालवता येते, त्यामुळे या पिढीच्या बऱ्याच गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मालकांपैकी निम्म्यांनी तरी ही तक्रार कधी ना कधी अनुभवलेली असावी असे त्यांच्याशी बोलताना वाटते.

तक्रारीचे स्वरूप नेमके शब्दांत मांडणे हे तपासाचे पहिले काम आहे. ‘गाडी बंद पडते’ एवढ्याने काही साधत नाही. माझ्या गाडीचे वर्णन असे होते: सकाळी ती चोक ओढताच सुरू होत असे; मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने निघाल्यावर सरळ वेगात काही त्रास देत नसे; परंतु विक्रोळीला जोगेश्वरी लिंक रोडला वळून पवईच्या चढावर गर्दीत अर्धा तास रखडली, की धक्का न देता, खोकला न काढता, किल्ली फिरवून बंद केल्यासारखी एका क्षणात थांबत असे. त्यानंतर सेल्फ जोरात फिरत असे, पण इंजिन एकदाही उचलत नसे. चाळीस मिनिटे ते तास गेला की काहीच घडले नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होत असे.

या वर्णनातच बरेच उत्तर दडलेले असते. इंधन कमी पडून मरणारे इंजिन सहसा कुरकुरत मरते. आधी चढावर ताकद कमी होते, मग मिसिंग सुरू होते, ॲक्सिलरेटर दाबला तर झटके बसतात, सोडला तर थोडे सावरते आणि शेवटी थांबते, कारण कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल संपायला काही सेकंद लागतात. करंट तुटून मरणारे इंजिन मात्र पूर्वसूचना देत नाही. ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे तिथे आणखी एक खूण मिळते: गाडी गिअरमध्ये अजून घरंगळत असताना, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात फिरत असताना, काटा एकदम शून्यावर पडला तर कॉइलचा प्राथमिक प्रवाह तुटला आहे असे समजण्यास हरकत नाही, कारण त्या काट्याला संदेश तिथूनच मिळतो. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असे नाही. परंतु कोणत्या बाजूने तपास सुरू करायचा हे ठरवण्यास तो पुरेसा आहे.

भांडुपला ज्यांच्या गॅरेजमध्ये मी जातो त्या वयस्कर मेकॅनिकांना सगळेच मामा म्हणतात. फाइल आणि वर्णन दोन्ही समोर ठेवल्यावर त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. ते म्हणाले, “साहेब, ही गाडी माझ्याकडे आणून उपयोग नाही. इथे येते तेव्हा ती बरी असते. बंद पडेल तेव्हा मला फोन करू नका, आधी दिवा लावून बघा.” दिवा म्हणजे टेस्ट लॅम्प: बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन लांब वायर, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला टोकदार सळई. त्यांनी आपल्याकडचाच एक दिला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच होता. गरम अवस्थेत प्रकट होणारा आणि थंड होताच लपणारा दोष गॅरेजमध्ये सापडत नाही. तिथे सापडतो तो अंदाज, आणि अंदाजाचे बिल मालकाला भरावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा काय पाहायचे याचा क्रम मी आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवला. रहदारीत, उन्हात, मागून हॉर्न वाजत असताना डोके शांत चालत नाही. त्यातही पहिले काम गाडी रस्त्यातून बाजूला घेण्याचे. मॅन्युअल गिअरच्या जुन्या फोर बाय फोर गाडीत यासाठी एक सोय असते. ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरबॉक्सचा) दांडा लो रेंजमध्ये आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, क्लच न दाबता सेल्फ मारला तर केवळ स्टार्टर मोटरच्या जोरावर गाडी गोगलगायीच्या चालीने काही मीटर पुढे सरकते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याचे कुलूप ज्या गाड्यांत आहे त्यांत हे जमत नाही. हे दोन-चार सेकंदांच्या तुकड्यांत आणि सरळ रेषेतच करावे, अन्यथा बॅटरी बसते आणि पुढचा तपास तिथेच संपतो. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरची मदतही एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते, हे चढावर विशेष लक्षात ठेवावे.

बंद पडलेल्या पेट्रोल इंजिनाला विचारायचा पहिला प्रश्न एकच आहे: करंट नाही की पेट्रोल नाही? बाकी सर्व प्रश्न त्यानंतरचे. दोन्ही बाजू तपासायला मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्यांपैकी पेट्रोलची बाजू तर हत्याराशिवाय जवळजवळ पूर्ण तपासता येते. एअर क्लीनरचे झाकण काढायचे, इग्निशन बंद ठेवायचे आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने पाहत ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढायचा. वाटीत पेट्रोल असेल तर पिचकारीसारखी बारीक, सरळ धार स्पष्ट दिसते. धार आली म्हणजे एसी पंप, फिल्टर, टाकीपासूनची नळी आणि वाटीतली पातळी राखणारी फ्लोटची सुई या सर्वांनी आपापले काम निदान आतापर्यंत केलेले आहे. त्यानंतर एक प्लग काढून पाहायचा: सेल्फ मारून झाल्यावर तो ओला असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचले आहे पण पेटलेले नाही.

पवईच्या चढावर गाडी पुन्हा थांबली तेव्हा मी हेच केले. धार व्यवस्थित आली आणि प्लग ओला निघाला. पेट्रोलचा संशय त्या क्षणापुरता मिटला.

मात्र पेट्रोलच्या बाजूला एवढ्यात निरोप देणे योग्य होणार नाही, कारण इतरांच्या गाड्यांत दोष तिथे असू शकतो आणि मुंबईच्या हवेत तशी कारणे भरपूर आहेत. पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून उकळू लागतात. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा त्याच्या अलीकडच्या नळीत दाब कमी झालेला असतो, त्यामुळे तिथे ते आणखी लवकर वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेला पंप वाफ ढकलू शकत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्रास मिळते, हे कार्बोरेटरवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवे. याच इथेनॉलचा दुसरा परिणाम म्हणजे ते टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवून फिल्टरकडे पाठवते, जुन्या रबरी नळ्या आतून मऊ करते आणि हवेतली आर्द्रता शोषून घेते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि पेट्रोल उचलणाऱ्या नळीचे तोंड नेमके तळाजवळ असते.

टाकीला हवा मिळण्याची वाट हा आणखी एक दुर्लक्षित विषय आहे. चिखलातून, ओढ्यातून फिरणाऱ्या गाडीत ती बारीक नळी मातीने बुजते. मग पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि एका टप्प्यावर पंपाला ती ओढ जिंकता येत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर थोडा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली तर दोष सापडला. खडकाळ उतारावर किंवा फार तिरक्या जागी बंद पडणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी कलते, फ्लोट चुकीच्या जागी बसतो आणि इंजिनाला पेट्रोल एकतर जास्त होते किंवा मिळतच नाही. गाडी सपाटीवर आली की ती आपोआप सुधारते. जास्त पेट्रोल होऊन गुदमरलेल्या गरम इंजिनाचा उपाय उलटा आहे: ॲक्सिलरेटर पंप करत बसायचे नाही, तो तळापर्यंत दाबून धरायचा आणि तसाच सेल्फ मारायचा, म्हणजे जास्तीत जास्त हवा आत जाऊन प्लग सुकतात.

एसी पंपावर ओला फडका टाकण्याच्या प्रसिद्ध उपायाबद्दलही येथे लिहायला हवे. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकांना तो उपाय लागू पडत असे आणि त्यावरूनच त्यांना नवा पंप बसवून देण्यात आला होता. परंतु फडका शोधणे, तो भिजवणे, पंप गार होण्याची वाट पाहणे यात बराच वेळ जातो, तेवढा वेळ बोनेट उघडे असते आणि पंपाबरोबर इंजिनावरचे इतर सर्व भागही गार होत राहतात. त्यामुळे फडका टाकल्यावर गाडी सुरू झाली यावरून एवढेच कळते की गाडी गार झाल्यावर सुरू होते, आणि ते तर आधीच ठाऊक होते. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर ठरले, असे मानण्याची घाई जुन्या गाड्यांच्या जगात फार आहे.

आता करंटची बाजू. प्लग काढून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला घट्ट टेकवून सेल्फ मारला की ठिणगी दिसायला हवी: निळसर, जाड आणि चटचट आवाज करणारी. पिवळट, बारीक, अधूनमधून पडणारी ठिणगी असून नसल्यासारखीच. प्लग हाताने धरू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका जुन्या पॉइंटच्या झटक्यापेक्षा बराच जोरदार असतो. त्याहून महत्त्वाची खबरदारी म्हणजे कार्बोरेटर उघडा असताना, पेट्रोल सांडलेले असताना किंवा काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येत असताना त्याच्या जवळ ठिणगी काढू नये. मी आधी एअर क्लीनरचे झाकण बसवतो, प्लगच्या भोकात कापडाचा घट्ट बोळा कोंबतो, प्लग तिथून लांब टेकवतो आणि अग्निशामक हाताशी ठेवतो.

माझ्या गाडीत ठिणगी अजिबात नव्हती, आणि कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या मधल्या जाड वायरलाही नव्हती. म्हणजे डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लग वायर आणि प्लग हे सगळे पुढचे लोक सुटले. एकाच वेळी चारही प्लगांची ठिणगी जाण्यासाठी कारण त्यांच्या मागेच असावे लागते. कॅपमध्ये पाणी शिरून चारही प्लग एकदम गप्प होऊ शकतात, पण तो ओढा ओलांडल्यानंतरचा किंवा जुलैतल्या साचलेल्या पाण्यातला प्रसंग. त्या दिवशी रस्ता कोरडा ठणठणीत होता.

यापुढे मामांच्या दिव्याने काम केले. चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावला, इग्निशन चालू केले आणि सळई कॉइलच्या धन टोकावर टेकवली. दिवा पूर्ण तेजाने लागला आणि सेल्फ मारतानाही लागलेला राहिला. याचा अर्थ इग्निशन स्विच, फ्यूज आणि तिथपर्यंतची वायर ठीक आहे. सेल्फ मारताना पाहणे आवश्यक आहे, कारण काही स्विचांत ‘ऑन’ला वीज मिळते पण ‘स्टार्ट’ला तुटते, आणि बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ फिरवताना व्होल्टेज इतके खाली जाते की इग्नायटर काम करत नाही. निरोगी बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली जाऊ नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजते, तेव्हा ऋण बाजूचाही संशय घ्यावा. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे लोखंड यांमध्ये सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ती पट्टी काढून घासावी किंवा बदलावी.

मग सळई कॉइलच्या ऋण टोकावर. इथे दिव्याची भाषा नीट समजून घेतली पाहिजे. कॉइलमधून आलेली वीज इग्नायटर जोडतो आणि तोडतो. जोडली की ऋण टोक शून्यावर जाते आणि दिवा विझतो. तोडली की दिवा लागतो. म्हणून सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे. लुकलुकतो आहे आणि तरीही ठिणगी नाही, तर कॉइलच्या आतली दुय्यम गुंडाळी संशयित ठरते. दिवा मुळीच लागत नाही, तर कॉइलची प्राथमिक गुंडाळी तुटलेली आहे किंवा इग्नायटर जोडलेल्या स्थितीत अडकला आहे. माझा दिवा न लुकलुकता अखंड लागून राहिला. कॉइलची प्राथमिक गुंडाळी शाबूत होती, वीज ऋण टोकापर्यंत येत होती, परंतु तिला जोडणारा-तोडणारा हात हलत नव्हता. फाइलीतली नवी कॉइल व्यर्थ बसवलेली होती हे त्या मिनिटाला स्पष्ट झाले.

आता तीनच शक्यता उरल्या: इग्नायटर, त्याला हुकूम देणारी डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल, किंवा या दोघांमधली वायर आणि अर्थिंग. पिकअप कॉइल म्हणजे चुंबकाशेजारची बारीक तांब्याची गुंडाळी. डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरताना त्यावरचे दाते तिच्याजवळून जातात आणि प्रत्येक दात्यासरशी तिच्यात छोटासा विद्युत्स्पंद उमटतो. माझ्या गाडीत आधीच्या कोणीतरी इग्नायटर डिस्ट्रिब्युटरबाहेर पत्र्यावर बसवून घेतलेला असल्याने दोघांमधला जोड सहज हाती लागला. तो सोडवून मी मल्टीमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावला. घरी, गाडी थंड असताना, हेच माप दीडशे ओमच्या आसपास येत असल्याचे मी लिहून ठेवले होते. पवईच्या चढावर मीटरने अनंत दाखवले. परिपथ तुटलेला होता.

तशातच उभे राहून वाट पाहिली. जवळपास पाऊण तासाने मीटरवरचा आकडा एकदम परत आला, जोड लावला, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ठिकाण सापडले होते. गुंडाळीत तुटले आहे की तिच्या वायरीत, हे घरी पाहायचे होते.

डिस्ट्रिब्युटर काढताना एक गोष्ट कटाक्षाने करावी: रोटरचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्याची खूण डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर करावी, आणि ते अंग इंजिनाच्या संदर्भात कसे बसले होते त्याचीही रेघ ओढून ठेवावी. काढल्यानंतर इंजिन फिरवू नये. एवढे पाळले तर तो परत त्याच जागी बसतो आणि टायमिंगच्या (ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या) दिव्याने फक्त शेवटची बारीक जुळणी करावी लागते. प्लग वायर १-३-४-२ या क्रमाने लागतात.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी डिस्ट्रिब्युटर ठेवला, मीटर जोडला आणि घरातला हेअर ड्रायर लावला. ड्रायर बोनेटखाली कधीही नेऊ नये, त्याची आतली तार लालबुंद असते आणि तिथे पेट्रोलची वाफ असू शकते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे खोलीच्या तापमानापासून साठेक अंशांनी गरम केल्यावर दीडशे ओमचे माप हळूहळू एकशे पंच्याऐंशीच्या आसपास जायला हवे. सुरुवातीला ते तसेच चढत गेले. मग एकाएकी अनंत. “त्या ड्रायरने आता केस वाळवायचे की नाही ते आधी सांग,” असे स्वयंपाकघरातून विचारण्यात आले. पण माझे लक्ष व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेच्या, नळीकडे होते. ती नळी तोंडाने ओढली की आतली पट्टी काही अंश फिरते आणि पिकअप कॉइल तिच्याबरोबर फिरते. मी ओढताच आकडा परत आला, सोडताच पुन्हा गेला.

गुंडाळी निर्दोष होती. तिच्यापासून बाहेर येणाऱ्या दोन बारीक वायरींपैकी एकीत, वरचे आवरण सलग असताना, आतल्या तारा तुटलेल्या होत्या. ॲक्सिलरेटर जेवढ्या वेळा दाबला आणि सोडला जातो तेवढ्या वेळा ती पट्टी हलते आणि वायर त्याच एका जागी वाकते. मुंबईच्या रहदारीत असे किती वेळा होते याची कल्पना प्रत्येक चालकाला आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आवरण कडक झाले, आतल्या तारा एकेक करून तुटल्या आणि शेवटी दोन टोके केवळ एकमेकांना टेकून राहिली. गरम झाल्यावर आवरण ताणले जाई आणि टोके विलग होत, थंड झाल्यावर पुन्हा टेकत. वेगात पाय स्थिर असतो आणि हवा खेळत असते, म्हणून द्रुतगती मार्गावर काही होत नसे. गर्दीत उष्णता आणि सततची हालचाल दोन्ही एकत्र येत.

दुरुस्तीसाठी दोन वाटा होत्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना डिस्ट्रिब्युटर शोधणे ही पहिली. पण तो तेवढ्याच वयाचा आणि तेवढ्याच वेळा वाकलेल्या वायरींचा असणार, म्हणून मला ती पटली नाही. लॅमिंग्टन रोडवरून सिलिकॉन आवरणाची, अनेक बारीक तारांची मऊ वायर आणली. गुंडाळीच्या अगदी जवळ, जिथे हालचाल नाही तिथे, ती डाखली, सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि पट्टी पूर्ण फिरली तरी ताण येणार नाही इतका सैल वळसा ठेवला. दोन्ही वायरी बदलल्या. एक तुटली तर दुसरीचे वयही तेच. आकडा पुन्हा ड्रायरखाली पाहिला: एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत संथपणे चढला आणि नळी कितीही ओढली तरी जागचा हलला नाही. मामांनी टायमिंग लावून दिले आणि फाइल चाळून म्हणाले, “एवढ्या बिलांत दोन वायरींचे बिल कुठे बसवणार?”

हा क्रम सर्वच जुन्या गाड्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. एमपीएफआय जिप्सीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर इंधनपंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते का हे आधी पाहावे; ती नसेल तर फ्यूज आणि रिले तपासावेत, आणि शेजारचा त्याच प्रकारचा रिले अदलाबदल करून पाहणे ही रस्त्यावर करता येण्याजोगी चांगली चाचणी आहे. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या डिझेल जीपमध्ये ठिणगीचा प्रश्नच नसतो. तिथे नळीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर आणि डिझेल बंद करणारी यंत्रणा हे तीन संशयित आधी घ्यावेत. परंतु गाडी बंद असतानाच, गरम असतानाच मोजायचे, आणि थंड अवस्थेतले माप आधीपासून लिहून ठेवायचे, एवढे सगळीकडे सारखेच आहे.

त्यानंतरचा मे महिना गाडीने जोगेश्वरी लिंक रोडवर आणि घोडबंदरच्या गायमुख घाटात, दोन्ही ठिकाणी भर दुपारी काढला आणि ती थांबली नाही. फाइलीतून कळलेली जुनी कॉइल गाडीसोबत खोक्यात आली होती. तिचे प्राथमिक आणि दुय्यम माप, थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत नवीइतकेच आले, म्हणून ती आता सीटखाली राखीव भाग म्हणून असते. टाकीचे झाकण उघडताना मात्र अलीकडे हलका सुस्कारा ऐकू येऊ लागला आहे. पावसाळ्यापूर्वी टाकी उतरवून तिची हवेची नळी साफ करायची आहे, आणि ती उतरलीच आहे तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या आहेत.